सत्तरचं मॉडेल

माणसाचं वय तोंडावरून ओळखतात तसं गाडीचं वय दिव्यांवरून ओळखतात, हे मला बहारीनला गेल्यावर कळलं. त्याआधी माझ्या लेखी जगात गाड्या दोनच प्रकारच्या होत्या: एक एसटी आणि दुसरी एसटी नसलेली. आमच्या मालवणाकडच्या गावात दुसऱ्या प्रकारातली गाडी क्वचितच यायची, आणि आली की ती कुणाला तरी दवाखान्यात न्यायला आलेली असायची. त्यामुळे गाडी दिसली की मी आधी देवाचं नाव घ्यायचे.

आणि नवरा मिळाला तो नेमका गाड्यांच्या पत्र्यावर जगणारा. आमचे हे लग्नाआधी लालबागच्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकले आणि लग्न होऊन हळद उतरते न उतरते तोच बहारीनला गेले. ते साल पंच्याहत्तर. त्यानंतरचा आमचा संसार म्हणजे दोन वर्षांनी एकदा येणारी त्यांची सुट्टी. पहिला आठवडा पाहुण्यांचा, शेवटचा आठवडा बॅगा भरण्याचा, मधे जे काही दिवस उरत त्यात आम्ही एकमेकांना नव्याने ओळखत असू. मला त्यांच्या हाताचा स्पर्श आठवायचा नाही, पण थिनरचा वास नेमका आठवायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘संसार म्हणजे काय गो, दोगांनी एका चुलीचो धूर खाणा.’ त्या हिशोबाने माझं अजून लग्नच व्हायचं होतं.

एक्क्याऐंशीत त्यांच्या गॅरेजच्या मालकाने, म्हणजे अरबाबने, मला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलवायला परवानगी दिली. तिकडे सगळे हिंदी लोक मालकाला अरबाबच म्हणतात. आम्ही झिंजमधे एका जुन्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली घेतली. एक खिडकी, एक शेगडी, एक लोखंडी खाट. भांडी मी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून लावली.

यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘भिंतीक मांडणी ठोकूया काय?’

‘तीन महिन्यांसाठी कोण भिंतीक खिळे मारता?’ मी म्हटलं.

मी तुसडेपणाने बोलले खरी. पण घरात मांडणी लागली की बाईचा पाय तिथे रुततो, आणि मग निघताना तो उपटावा लागतो. मला ते नको होतं. झाकणं, डाव, उलथनं सगळं एका टोपात उभं केलं आणि दर वेळी हवं ते सोडून बाकी सगळं खणखणत खाली पडू लागलं.

शुक्रवारी गॅरेजला सुट्टी. त्या दिवशी दुपारी ऊन उतरलं की हे मला मुहर्रकच्या पुलाकडे फिरायला न्यायचे. मला वाटलं, समुद्र दाखवायला. समुद्र मी जन्मल्यापासून बघत आले होते, पण नवऱ्याबरोबर बघितला नव्हता, म्हणून मी चांगली साडी नेसून, डोक्यात गजरा नाही तर नाही, निदान पावडर लावून निघाले. हे समुद्राकडे पाठ करून उभे राहिले! तोंड रस्त्याकडे. त्या वेळी बहारीनची तरणी पोरं शुक्रवारी अमेरिकन गाड्या घेऊन पुलावर फिरायची. लांब नाकाच्या, पाठ उतरती झालेल्या, गुरगुरणाऱ्या गाड्या. तिथून गेलेल्या अमेरिकन साहेबांनी विकलेल्या, नाहीतर शेजारच्या देशातून आणलेल्या.

‘ही बघ, अडुसष्टची मस्टँग,’ हे म्हणाले.

‘तुमका कसा कळला?’

‘बाजूक बारको दिवो दिसता मा? सदुसष्टाक तो नाय.’

मग कॅमेरो आली. तिच्या दाराला पुढे छोटी तिकोनी काच असेल तर सदुसष्ट, अख्खी एकच काच असेल तर अडुसष्ट. मस्टँगला पुढे चार दिवे आणि मागच्या चाकाच्या वर, कुशीला हवा आत घ्यायचं तोंड असेल तर एकोणसत्तर. एकाहत्तर तर आंधळ्यालाही कळावी, एवढी आडवी वाढलेली. हे सांगत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. एरवी हा माणूस घरात दहा शब्द बोलला तर नऊ जेवणाबद्दलचे असत.

मला मौज वाटू लागली. आमच्याकडे बांगडा ताजा की कालचा हे लांबून टोपलीकडे बघून सांगणाऱ्या बायका असतात, मी त्यांतलीच. तेव्हा माझी नजर काही कच्ची नव्हती. तिसऱ्या शुक्रवारी मी ह्यांच्या आधी ‘एकोणसत्तर!’ म्हणून ओरडले आणि ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी मॅट्रिक पास झाले. मी विचारलं, ‘ह्या लोकांका दर वर्षी गाडयेचा तोंड बदलूचा काय नडता?’

‘नाय बदलला तर जुनी कोण मोडीत घालतलो?’

‘आणि सत्तर? सत्तरची कशी ओळखूची?’

‘सत्तर माझ्या हाताखाली इली नाय कधी. आसतली एकोणसत्तरासारखीच. एका वर्षात असा किती बदलतला?’

दर वर्षी बदलतं म्हणून आत्ताच सांगणारा माणूस हे बोलला. नवऱ्याला रस्त्यात पकडायचं नसतं, घरी बरं पडतं. पण घरी पोचेपर्यंत मी ते विसरून गेले.

पहिला महिना संपत आला आणि एका संध्याकाळी हे धावतच आले. अरबाबच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. अरादला त्यांच्या घरामागच्या शेडमधे त्यांची जुनी मस्टँग पडून होती. अरबाबने ती नवी कोरी घेतलेली, त्याच गाडीतून तो मुलगा लहानपणी शाळेत जायचा. आता नवरदेव म्हणून त्याच गाडीतून जायचं होतं. गाडी गंजली होती, पुढची जाळी कुणीतरी काढून नेली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. अरबाब स्वतः लग्नाच्या खरेदीला मुंबईला निघाले होते. जाता जाता ते यांना म्हणाले की गाडी लग्नाच्या गुरुवारी पहिल्यासारखी दिसली, तर जुना फोरमन कायमचा गावी गेला आहे त्याच्या जागी तू. फोरमनला गॅरेजच्या मागचं दोन खोल्यांचं घर मिळतं आणि बायकोचा फॅमिली व्हिसाही.

हे सांगताना ते खाटेवर बसले होते आणि मी शेगडीपाशी. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. आमच्यात कुणी ‘देव करो’ वगैरे म्हटलं नाही, भीतीच वाटली. मी नुसतं विचारलं, ‘पहिल्यासारखी म्हणजे कशी?’

‘कागदार एकोणसत्तर आसा. एकोणसत्तर माझ्या तळहातार आसा.’

झालं. दुसऱ्या दिवसापासून हे त्या गाडीला लागले. त्यांना दिसलं ते असं की गाडीला पुढे चार दिवे हवेत ते दोनच आहेत, आणि बाहेरच्या दोन दिव्यांच्या जागी उभट तुकडे बसवलेत, प्रत्येकात दोन आडव्या चिरा. लालबागला शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? मुंबईत टॅक्सीचा दिवा फुटला की नवा घेण्याऐवजी वर पत्रा मारून मोकळे होत. ह्यांनी स्वतः असे किती पत्रे मारले होते. घरी येऊन म्हणाले, ‘कोणीतरी दिवे फोडल्यान आणि वर झडपो मारल्यान. पण काम मात्र सफाईचा केल्यान हां. लालबागचोच कोणतरी आसतलो.’

ते तुकडे यांनी काढले आणि भंगारातल्या एका एकोणसत्तरच्या दिव्यांच्या खोबणी शोधून आणून बसवल्या. आता काढलेलं टाकायचं कसं? कोकणी माणूस नारळाची करवंटीसुद्धा टाकत नाही. ते झडपांचे तुकडे हे घरी घेऊन आले आणि माझी रोजची खणखण आठवून खिडकीच्या गजांना तारेने बांधले. खिळा नाही, भोक नाही. चिरांमधे झाकणं बसली, खाली डाव आणि उलथनं अडकली, आणि मागच्या पोकळ बाजूला मी गावाहून आणलेले सुके बोंबील लटकवले. मला ते फार आवडलं. त्या खोलीतली माझ्यासाठी मुद्दाम केलेली ती पहिली वस्तू होती. अमेरिकेत कुणी ते एवढ्या डोक्याने घडवलं ते माझ्या उलथन्यासाठीच, असं मी ह्यांना म्हणाले आणि हे हसले.

गाडीचं काम शेवटाला आलं. पत्रा सरळ झाला, रंगाखालचं अस्तर लागलं, आता फक्त कुशीचं राहिलं होतं. एकोणसत्तरला मागच्या चाकाच्या वर हवेचं तोंड असतं, ते या गाडीला नव्हतं. म्हणजे तेही झडपा मारणाऱ्यानेच पुट्टी भरून बुजवलं असणार. पुट्टी आहे का ते बघायची रंगाऱ्यांची एक साधी रीत आहे, दोरीला बांधलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं, पुट्टी असेल तिथे गळून पडतं. हे गुडघ्यावर बसून चुंबक फिरवू लागले.

त्या दिवशी हे भर दुपारी घरी आले. सोमवार होता, लग्न गुरुवारी. मी विचारलं, ‘बरा नाय काय तुमका?’ खाटेवर बसले आणि खिडकीकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, ऊन लागलं. मी कपाळाला हात लावून बघितला.

‘अगो, चुंबक सगळीकडे चिकाटला,’ ते म्हणाले.

‘मग बरा झाला मा? पुट्टी नाय.’

‘पुट्टी नाय म्हणजे थंय कधी तोंडच नव्हता. तोंड नाय म्हणजे ती एकोणसत्तर नाय. शिरा पडली माझ्या तोंडार!’

मग सगळं सांगितलं. गॅरेजात एक केरळी मेकॅनिक होता, वयाने मोठा, त्याला सगळे चेट्टन, म्हणजे दादा, म्हणत. तो नेमका महिनाभर सुट्टीवर गेला होता आणि त्याच सकाळी परतला होता. पूर्वी त्याने अवालीला तेलवाल्या अमेरिकन साहेबांच्या गाड्या सांभाळल्या होत्या. ह्यांना चुंबक घेऊन चक्रावलेलं बघून त्याने कागद मागितले, तारीख बघितली आणि म्हणाला, ‘अमेरिका का नया मॉडल सितंबर में निकलता है, भाई. ये गाडी सिक्स्टी-नाईन के एंड में आया. साल सिक्स्टी-नाईन, मॉडल सेव्हंटी.’ सत्तरला दिवे दोनच. बाहेरच्या दिव्यांच्या जागी कंपनीनेच चिरांचे तुकडे बसवलेले. कुशीचं तोंडही त्यांनीच काढून टाकलेलं.

‘आणि ते तुकडे मागवूक बोटीन दोन म्हयने लागतले,’ हे म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

तेव्हा मला कळलं ते काय बघतायत. चिरांमधे माझी झाकणं होती. खाली उलथनं लोंबत होतं. मागून बोंबलाचं एक शेपूट बाहेर आलं होतं. आधी मला हसू फुटलं, मग त्यांना, आणि आम्ही दोघं त्या एका खाटेवर पोट धरून हसलो. वर्षाला दोन दिवे कमी करणाऱ्या माणसाला आमच्याकडे दिवाळखोर म्हणतात, अमेरिकेत त्याला नवं मॉडेल म्हणतात, असं काहीतरी मी बोलले आणि हे आणखीच हसले. हसता हसता माझ्या मनात आलं, की हे तुकडे त्यांनी टाकून दिले असते तर.

मी उठून झाकणं काढली. ‘आता माझी झाकणां खंय ठेवू?’ म्हणून लटकं कुरकुरले, पण हात भराभर चालत होते. त्या तुकड्यांवर महिन्याभराच्या फोडणीचा चिकटा बसला होता. सोड्याचं गरम पाणी, चिंच, नारळाची शेंडी, सगळं वापरून मी ते घासले. इतके तर मी लक्ष्मीपूजनाला देवही घासले नव्हते. उन्हात वाळवले. वास घेतला. बोंबील गेला नव्हता. पुन्हा घासले. ह्यांनी नाकाशी धरून बघितलं आणि म्हणाले, ‘रंगाखाली दबतलो.’

बुधवारी गाडीला शेवटचा हात बसला. भडक निळा रंग, कागदात होता तोच. मी गुरुवारी सकाळी डबा घेऊन मुद्दाम गॅरेजला गेले. निळी गाडी दारात उभी होती, पुढे दोन दिवे आणि बाजूंना माझ्या झाकणांच्या चिरा. खरं सांगते, मला ती स्वतःच्या घरातलं माणूस नटून बसल्यासारखी वाटली.

अरबाब आदल्या दिवशीच मुंबईहून परतले होते. ते आले ते पांढऱ्या झग्यात, अत्तराचा घमघमाट घेऊन. गाडीत बसले, एक फेरी मारून आले, उतरले. पुढे जाऊन दिव्यांकडे बघितलं, कुशीवरून हात फिरवला. हे हात पाठीमागे बांधून उभे होते. मी दाराच्या आड, हातात डबा घट्ट धरून. अरबाबच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, आणि तेवढ्यात ते वाकले. फेरीमुळे इंजिन तापलं होतं. त्यांनी नाक पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं.

‘सिमच?’ ते म्हणाले. सिमच म्हणजे मासळी.

ह्यांनी खोटं काही सांगितलं असतं तरी चाललं असतं, मांजर शिरलं होतं म्हणायचं. पण आमचे हे रंगात भेसळ करत नाहीत तसे बोलण्यातही. त्यांनी मोडक्या हिंदीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. चार दिवे, लालबागचा पत्रा, चुंबक, झाकणं, बोंबील. सांगताना हातांनी उलथनंही करून दाखवलं. चेट्टन मागे तोंडावर फडकं धरून उभा होता. मग अरबाबांनी विचारलं, ‘मदाम किधर?’

मी दाराआडून पुढे झाले, डोक्यावर पदर घेऊन.

‘मदाम, अभी चम्मच किधर रखता है?’

माझं हिंदी तेव्हा यथातथाच होतं आणि अरबी म्हणाल तर भाजीवाल्याकडून शिकलेलं. मी म्हणाले, ‘मफी जगह, अरबाब.’ मफी म्हणजे नाही.

अरबाब खो खो हसले. त्यांचं ते हसू सगळ्या गॅरेजभर घुमलं. डोळे पुसत म्हणाले, ‘यल्ला, चलो. पीछेवाला घर में दीवार बहुत है. उधर बनाओ.’

ह्यांनी विचारलं, ‘पीछेवाला घर, अरबाब?’

‘फोरमन का घर. फोरमन किधर सोएगा? गाडी में?’ आणि ते गाडीत बसून निघूनही गेले.

मी तिथेच, त्या रंगाच्या डब्यांमधे बसून रडले. लोक बघत होते, बघू देत म्हटलं. हे माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले, डबा उघडून म्हणाले, ‘आज काय केलंस?’ डब्यात बोंबलाचं कालवण होतं.

संध्याकाळी आम्ही अरादच्या रस्त्यावर उभे राहून वरात बघितली. हॉर्न वाजवत गाड्यांची रांग गेली, सगळ्यांच्या पुढे निळी. मी ह्यांच्या दंडाला धरून उभी होते, चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या शेजारी उभा असलेला एक पोरगा मित्राला म्हणाला, ‘सिक्स्टी-नाईन.’ ह्यांच्या ओठांवर आलेलं ‘सत्तर’ मी दंडाला चिमटा काढून थांबवलं.

मागच्या घरात गेल्यावर ह्यांनी आधी मांडणी केली. गॅरेजातला पत्रा, झाकणांसाठी आडव्या चिरा, आणि उरलेला तोच निळा रंग. चार मोठे खिळे मी स्वतः हातात घेऊन उभी राहिले, एकेक देत गेले. हे भिंतीवर हातोडी मारत होते आणि मला प्रत्येक ठोका गोड लागत होता. तो आवाज ऐकत मी म्हटलं, आणखी एक मारा, पडायला नको. पाचवा खिळा तसा कशालाच लागत नव्हता.

पुढे मुलगी झाली. ती तिकडच्या शाळेत गेली, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिला बापाचं वेड लागलं. शुक्रवारी पुलावर ती दोघं समुद्राकडे पाठ करून उभी राहत आणि ती बोबड्या इंग्रजीत गाड्यांची सालं सांगे. मी त्यांच्या शेजारी समुद्राकडे तोंड करून बसे. माझं मन तिथे अगदी भरून जायचं, मला आणखी काही नको असायचं.

सहा वर्षांची असेल ती तेव्हा. जेवताना तिने विचारलं, ‘ममा, व्हॉट इयर डिड यू अँड पप्पा गेट मॅरीड?’

‘पंच्याहत्तर,’ हे म्हणाले.

मी मांडणीतून झाकण काढत होते. ‘ता कागदार,’ मी म्हटलं. ‘मॉडेल एक्क्याऐंशीचा.’